परत फिरणारी सुई

गेल्या श्रावणांतील एका रविवारीं, रात्रींचीं जेवणें आटोपून मंडळी माजघरांत बसली असतां, आमच्या घरीं एक विलक्षण वाद रंगला. वादाचा विषय राजकारण नव्हता, कीं कोणाच्या कार्याचा खर्चहि नव्हता. ‘सर्वांत अधिक दुखणारें इंजेक्शन कोणतें?’ हा तो विषय होता. आणि आमच्यासारख्या तेरा माणसांच्या एकत्र कुटुंबांत या विषयावर अधिकारानें बोलणारीं माणसें थोडीं नव्हतीं.

आमच्या सासूबाईंचें वय शहाऐंशी. त्यांना दिवसांतून दोन वेळां इन्शुलिन टोंचावें लागतें, आणि तें काम बरींच वर्षें माझ्याकडे आहे. धाकट्या जाऊबाईंच्या बारा वर्षांच्या मुलाला मागें सांध्यांचा ज्वर येऊन गेला. त्या ज्वरानें हृदयाच्या झडपा बिघडूं नयेत म्हणून त्याला दर एकवीस दिवसांनीं पेनिसिलिनचें इंजेक्शन घ्यावें लागतें. पुतण्याची तान्ही मुलगी नुकतीच चौदा आठवड्यांच्या लसी घेऊन आली होती. आणि मधल्या जाऊबाईंची मुलगी परिचारिकेच्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणजे आम्ही सारीं सुई घेणारीं, तर ती देणारी!

“पोटावरचीं चौदा इंजेक्शनें ज्यानें घेतलीं नाहींत, त्यानें या वादांत तोंडच घालूं नये,” असें म्हणून आमच्या यजमानांनीं सुरुवात केली. लहानपणीं त्यांना पिसाळलेलें कुत्रें चावलें होतें. कसौली येथें डेव्हिड सेंपल यांनीं १९११ सालीं सिद्ध केलेली, मेंढीच्या मेंदूपासून होणारी लस त्या वेळीं सर्वत्र चालू होती, आणि ती बेंबीच्या आसपास ओळीनें कित्येक दिवस टोंचीत. ती लस आपल्या देशांत २००४ अखेर बंद झाली. आतां दंडांत चार-पांच वेळां लस घेतली कीं काम भागतें. मात्र जखम खोल असेल तर जखमेंतच प्रतिद्रव्य टोंचतात, तें चांगलेंच झोंबतें, आणि तें टाळून मुळींच चालत नाहीं.

यजमानांचें ऐकून मुलगा हळूच म्हणाला, “काका, तुमचीं चौदा झालीं आणि संपलीं. माझें दर एकवीस दिवसांनीं असतें, आणि पुढचें कधीं आहे हें मला रोज ठाऊक असतें.”

यावर कोणालाच लगेच कांहीं बोलतां आलें नाहीं.

दुखतें तें कां?

मग पुतणीनें आम्हांला जें समजावून सांगितलें, तें येथें थोडक्यांत देतें. इंजेक्शनाचें दुखणें हें एक नसून चार-पांच दुखण्यांची ती बेरीज असते.

पहिलें दुखणें सुईचें. सुईचे आंकडे उलटे असतात. आंकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. सासूबाईंच्या इन्शुलिनची सुई ३१ नंबरची, म्हणजे जाडीनें सुमारें पाव मिलिमीटर. दंडांत लस टोंचण्याची २३ नंबरची सुई सुमारें ०·६ मिलिमीटर जाड, तर २१ नंबरची ०·८ मिलिमीटर. सासूबाई म्हणतात, “मुंगी चावल्याइतकेंहि कळत नाहीं,” आणि तें खरें आहे. मग सर्वांनाच बारीक सुई कां टोंचीत नाहींत? कारण मुलाचें पेनिसिलिन दुधासारखें पांढरें व दाट असतें. त्यांतले कण बारीक सुईंत अडकून बसतात. शिवाय बारीक सुई आंखूडहि असते. तिनें औषध खोल स्नायूंत पोंचत नाहीं.

दुसरें दुखणें जागेचें. कातडीच्या खालच्या चरबींत वेदना कमी; खुद्द कातडींत अधिक, कारण वेदना कळविणारे मज्जातंतू तेथें दाट पसरलेले असतात. म्हणूनच बी. सी. जी. ची लस थेंबाएवढी असूनहि पुरळी उठतांना मूल टाहो फोडतें. दांताच्या डॉक्टरांनीं टाळूंत दिलेलें इंजेक्शन ज्यांनीं घेतलें असेल, त्यांना हें अधिक सांगावयास नकोच. टाळूची त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असते. औषधाला पसरावयास जागाच मिळत नाहीं, तें बळेंच वाट करून घेतें.

तिसरें दुखणें औषधाचें. औषध आम्ल असेल तर तें झोंबतें. गमतीची गोष्ट अशी कीं, जागा बधिर करणारें लिग्नोकेन हेंच मुळांत आम्ल असल्यामुळें बधिर करण्यापूर्वीं तें स्वतः चुणचुणतें. त्यांत थोडा सोडा मिसळला तर ती चुणचुण पुष्कळ कमी होते. लहान मुलांच्या लसींतहि असेच भेद आहेत. न्यूमोनियाविरुद्धची लस व गोवर-गालगुंड-रुबेलाची लस या अधिक झोंबणाऱ्या समजल्या जातात. कॅनडांत टोरोंटो येथें तान्ह्या मुलांवर झालेल्या व २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, एकाच वेळीं दोन लसी द्यावयाच्या असतां कमी झोंबणारी आधीं व अधिक झोंबणारी मागाहून दिली, तर मुलाला एकंदरींत त्रास कमी होतो.

चौथें दुखणें दुसऱ्या दिवसाचें. २०२१ सालीं करोनाची लस घेतली तेव्हां सुई केव्हां आंत गेली व केव्हां बाहेर आली हें मला कळलें नाहीं. पण रात्रीं त्या कुशीवर वळवेना. हें दुखणें टोंचणाराच्या हाताचें नव्हे. लसीला शरीर देत असलेल्या उत्तराचें तें दुखणें असतें.

आणि पांचवें दुखणें मनाचें. मुलगा जें बोलला तें हेंच. सुई टोंचण्यापूर्वीं तीन दिवस जें दुखतें, त्याला कोणतीहि बारीक सुई उपयोगी पडत नाहीं.

दुखणें कमी कसें करावें?

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं लस टोंचतांना होणारी वेदना कमी करण्याविषयीं एक स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. त्यांतल्या बहुतेक सूचना अशा आहेत कीं, त्यांना पैसा लागत नाहीं. तान्ह्या मुलाला टेबलावर उताणें न निजवितां आईनें मांडीवर उभें धरावें. अंगावर पिणारें मूल असेल तर टोंचण्याच्या वेळीं त्याला पाजीत राहावें. सुई स्नायूंत घातल्यावर रक्त येतें कीं काय हें पाहण्यासाठीं दट्ट्या मागें ओढण्याची जी जुनी रीत होती, ती लसीच्या बाबतींत सोडून द्यावी. तिनें सुई आंत अधिक काळ राहते व हलते. अनेक लसी असतील तर झोंबणारी शेवटीं द्यावी. आणि “कांहीं कांहीं दुखणार नाहीं हं!” असें खोटें सांगूं नये. ही शेवटची सूचना आम्हां वडील माणसांना चांगलीच लागली. प्रत्येक मुलाला आम्ही हेंच खोटें सांगत आलों, आणि दुसऱ्या खेपेस मुलानें आमच्यावर विश्वास ठेवला नाहीं म्हणून त्यालाच भित्रा ठरवीत आलों.

पेनिसिलिनच्या इंजेक्शनाविषयींहि करण्यासारखें पुष्कळ निघालें. बाटली हातांत धरून अंगाच्या उबेइतकी कोमट करावी. स्पिरिट पूर्ण वाळूं द्यावें, कारण ओलें स्पिरिट सुईबरोबर आंत जाऊन झोंबतें. टोंचण्यापूर्वीं त्या जागेवर अंगठ्यानें कांहीं क्षण दाब द्यावा. स्नायु सैल सोडावा. आणि औषध दोन-तीन मिनिटें घेऊन सावकाश सोडावें. डॉक्टरांना विचारून त्यांत लिग्नोकेन मिसळतां येतें, असें पुतणीनें सांगितलें. पुढच्या खेपेस मुलाच्या वडिलांनीं डॉक्टरांना तसें विचारलें, आणि त्यांनीं तें आनंदानें केलें. दोन वर्षांत आम्हीं विचारलें नव्हतें, एवढेंच काय तें कारण!

बोलणें संपतां संपतां पुतणीनें मला सहज विचारलें, “मोठ्या काकू, आजीच्या वापरलेल्या सुया तुम्ही टाकतां कोठें?”

“टोपण लावून, कचऱ्यांत,” मीं म्हटलें.

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “टोपण लावतांनाच पुष्कळांना सुई लागते. आणि कचऱ्यांत टोपण निघतें. एक जाड डबा ठेवा.”

“उद्यां ठेवतें,” असें मीं सांगितलें. दुसरे दिवशीं पुरणाचा स्वयंपाक होता. त्यानंतर गणपतीची तयारी सुरू झाली.

सुईचें सोंवळें

पुढची गोष्ट सांगण्यापूर्वीं या पिचकारीचा थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे.

पोकळ सुईची पिचकारी १८५३ सालीं फ्रान्समध्यें शार्ल प्रावाझ व स्कॉटलंडमध्यें अलेक्झांडर वुड यांनीं जवळ जवळ एकाच सुमारास प्रचारांत आणली. आपल्याकडे तिची खरी ओळख झाली ती प्लेगच्या दिवसांत. १० जानेवारी १८९७ रोजीं मुंबईंत वॉल्डेमार हाफकिन यांनीं आपण केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली, ताप व दुखणें सोसलें, आणि मगच ती इतरांना दिली. पण पुढें १९०२ सालीं पंजाबांत मुलकोवाल येथें एकाच बाटलींतून लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. हाफकिन यांच्यावर ठपका आला, आणि तो दूर होण्यास १९०७ साल उजाडावें लागलें. दोष लसींत नव्हता. बाटली उघडतांना झालेल्या अस्वच्छतेंत होता.

माझ्या लहानपणीं आमचे कुटुंबाचे डॉक्टर घरीं येत तेव्हां पोलादी पेटींत कांचेची पिचकारी व सुया पाण्यांत बुडवून स्टोव्हवर उकळीत. आजी तें कौतुकानें पाहत असे, आणि म्हणे, “डॉक्टरांचें सोंवळें आपल्यापेक्षां कडक!” तें खरेंच होतें. परंतु घाईच्या वेळीं पाणी पुरतें उकळत नसे. आणि तीच सुई पुनः पुनः वापरून बोथट होई, त्यामुळें दुखेहि अधिक. १९५६ सालीं न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक यांनीं एकदां वापरून टाकून देण्याची प्लॅस्टिकची पिचकारी पुढें आणली, तेव्हां प्रश्न सुटला असें वाटलें.

तो सुटला नाहीं. टाकून द्यावयाची वस्तु लोक टाकीनात. धुवून, पुसून, कधीं तेंहि न करितां तीच पिचकारी दुसऱ्याला टोंचण्यांत येऊं लागली. २००० सालीं जगांत अशा रीतीनें सुमारें २ कोटी १० लक्ष माणसांना ‘हेपॅटायटिस बी’ या काविळीची बाधा झाली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१० सालासाठीं तोच अंदाज १७ लक्षांवर आला. आपल्या शेजारीं गुजराथेंत मोडासा येथें २००९ सालीं याच कारणानें काविळीची सांथ होऊन अनेक माणसें मेलीं. सोंवळ्याची भाषा वापरावयाची तर, एकदां कोणाच्याहि रक्ताला लागलेली सुई कायमची ओंवळी. तिला पुनः शुद्ध करण्याचा प्रयत्नच करूं नये. पण हें माणसाच्या विवेकावर सोंपविलें तर तो चुकतो. म्हणून पिचकारीनेंच पुनः चालण्यास नकार द्यावा, ही कल्पना निघाली.

इंग्लंडांतील मार्क कॉस्का यांनीं १९८४ सालीं वर्तमानपत्रांत वाचलें कीं, वापरलेल्या पिचकाऱ्यांतून एड्सचा रोग पसरणार. त्यांनीं पुढें अशी पिचकारी योजिली कीं, दट्ट्या एकदां पुरता खालीं गेला कीं अडकतो, आणि बळें ओढल्यास मोडतो. अशा जातीच्या पिचकाऱ्या आपल्या सरकारी लसीकरणांत २००५ पासून वापरूं लागले.

सुई आंत कशी फिरते?

पण पुनर्वापर थांबला तरी सुईचें टोंक उघडेंच राहतें. आणि तें ज्याला लागावयाचें त्याला लागतेंच. इंजेक्शन देणारी परिचारिका, खोली झाडणारी सेविका, कचरा उचलणारा मनुष्य या सर्वांना हा धोका असतो. रोगी माणसाच्या रक्तानें भरलेली सुई लागल्यास, ज्याला लस टोंचलेली नाहीं त्याला ‘हेपॅटायटिस बी’ होण्याचा संभव शंभरांत ६ पासून ३० पर्यंत असतो. ‘सी’ जातीच्या काविळीचा शंभरांत सुमारें २. आणि एड्सच्या विषाणूचा हजारांत सुमारें ३.

यावर उपाय म्हणजे परत फिरणारी सुई. अमेरिकेंत टेक्सासमधील टॉमस शॉ नांवाच्या एंजिनिअरनें असें यंत्र केलें कीं, औषध संपून दट्ट्या तळाला टेकला कीं आणखी थोडा जोर द्यावयाचा. त्यासरशीं आंतील कळ सुटते, दाबून ठेवलेली स्प्रिंग मोकळी होते, आणि सुई रोग्याच्या अंगांतूनच एकदम मागें फिरून नळींत जाऊन बसते. टोंक उघड्यावर येतच नाहीं. दुसरी एक साधी जात आहे. तींत स्प्रिंग नसते. दट्ट्याचें टोंक सुईच्या बुडाला अडकतें, तो हातानें मागें ओढला कीं सुई नळींत येते, आणि मग दट्ट्याची दांडी मोडून टाकावयाची. अमेरिकेनें २००० सालीं कायदा करून रुग्णालयांना अशीं सुरक्षित साधनें वापरणें भाग पाडलें. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०१५ सालीं त्यांचा पुरस्कार केला.

या पिचकारीनें अधिक दुखतें काय? मीं पुतणीला हाच प्रश्न विचारला. तिनें दोन्ही जाती हाताळल्या आहेत. तिचें म्हणणें असें: स्प्रिंगच्या पिचकारींत शेवटीं ‘टक्’ असा आवाज येतो व हलका हिसका बसतो, आधीं सांगितलें नसेल तर रोगी दचकतो, सांगितलें असेल तर हंसतो. सुई सरळ रेषेंत व झटकन निघत असल्यामुळें ओढल्यासारखें वाटत नाहीं. मात्र तो शेवटचा जोर देतांना हात हलला, तर सुई आंत हलते आणि मग दुखतें. म्हणून ती पिचकारी शिकून वापरावी लागते. मुलाच्या पेनिसिलिनसारख्या दाट औषधाला तर सावकाश दाबणें व शेवटीं जोर देणें हीं दोन्ही एकाच अंगठ्यानें साधणें कठीण जातें. शिवाय किंमत साध्या पिचकारीपेक्षां अधिक पडते. सारांश, ही सुई घेणाराच्या सुखासाठीं नव्हे. ती देणाराच्या, आणि त्यानंतर येणाराच्या, रक्षणासाठीं आहे.

तिच्या हाताला लागली ती सुई

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यांतली गोष्ट. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई वाड्यांतल्या तिन्ही बिऱ्हाडांचा कचरा खालच्या पिंपांत नेऊन टाकते. एका बुधवारीं दुपारीं ती भांडीं घासतांना मधेंच थांबली आणि मला म्हणाली, “वहिनी, एक विचारूं का? पोरींना जवळ घेतलं तर चालंल का?”

प्रश्न मला कळेना. मग तिनें तळहात पुढें केला. मंगळवारीं सकाळीं पिंपांतली पिशवी दाबतांना तिला सुई लागली होती. तिनें बोट चोखलें, हळद लावली, आणि घरीं कोणाला सांगितलें नाहीं. कारण कोणी तरी तिला त्या रोगाचें नांव सांगितलें होतें, आणि तें नांव नवऱ्याच्या कानीं गेलें तर काय होईल, ही तिला सुईपेक्षां मोठी धास्ती होती. रात्रभर ती मुलींपासून वेगळी निजली होती.

सुई कोणाच्या बिऱ्हाडांतली, हें शपथेवर कोणालाच सांगतां आलें नसतें. पण वाड्यांत रोज सुई टोंचणारें घर आमचेंच, हें मला ठाऊक होतें. पुतणीला दिलेलें ‘उद्यां’ही मला आठवलें.

त्याच तासाला आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलें. बोट चोखूं नये, पिळूं नये, साबणानें वाहत्या पाण्याखालीं धुवावें, आणि त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा, हें आम्हांला तेथें कळलें. एड्सला प्रतिबंध करणारीं औषधें सुरू करावयाचीं तर शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आंत करावीं लागतात. डॉक्टरांनीं सर्व विचारून, सासूबाईंचें रक्त तपासून, तीं औषधें नकोत असें ठरविलें. धनुर्वाताची व ‘हेपॅटायटिस बी’ ची लस मात्र लगेच टोंचली. मुलींना जवळ घेण्यास कसलीहि हरकत नाहीं, हें त्यांनीं तिला स्वतः दोनदां सांगितलें. सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने अशा तीन तपासण्या ठरल्या. पाठोपाठ लसीच्या दुसऱ्या व तिसऱ्या टोंचणीसाठींहि मीच तिच्याबरोबर गेलें. गेल्या फाल्गुनांत शेवटची तपासणी निर्दोष आली. त्या दिवशीं तिनें पेढे आणले. ते घेतांना माझा हात कांपला.

त्या सहा महिन्यांत ती एकदांहि मला रागावून बोलली नाहीं. तें मला अजून सलतें.

घरानें काय करावें?

आतां आमच्या घरीं सासूबाईंच्या पलंगाखालीं जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झांकणाची एक बाटली असते. फिनेलची बाटली धुवून घेतली तरी चालते. तिच्यावर ‘सुया’ असें ठळक अक्षरांत लिहिलें आहे. सुई टोंचली कीं टोपण न लावतां सरळ त्या बाटलींत जाते. बाटली तीन चतुर्थांश भरली कीं झांकण घट्ट चिकटवून आम्ही ती दवाखान्यांत, डॉक्टरांच्या परवानगीनें, तेथील सुयांच्या डब्यांकडे पोंचती करतों. रुग्णालयांनीं सुया भोंक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यांत टाकाव्या, असें २०१६ च्या नियमांत सांगितलें आहे. त्याच वर्षाच्या घनकचऱ्याच्या नियमांत घरांतील सुया-पिचकाऱ्याहि इतर कचऱ्यांतून वेगळ्या काढावयास सांगितल्या होत्या. तें आम्हीं वाचलें नव्हतें. वाचलें असतें तरी ‘उद्यां’वर टाकलें असतें.

आणखी दोन गोष्टी. घरीं कामाला येणाऱ्या माणसांना ‘हेपॅटायटिस बी’ च्या लसीच्या तीन टोंचण्या आपल्या खर्चानें द्याव्या. दिवाळीच्या पोस्तापेक्षां हा खर्च फार मोठा नाहीं. आणि दवाखान्यांत इंजेक्शन घेण्यापूर्वीं पिचकारीचें पाकीट आपल्यासमोर फोडावयास सांगावें. परत फिरणारी सुई तेथें मिळत असेल तर ती मागावी. चांगला डॉक्टर याचा राग मानीत नाहीं.

माजघरांतल्या त्या वादाचा निकाल अजून लागलेला नाहीं. यजमान आपल्या चौदांचा हक्क सोडीत नाहींत. मुलगा आतां “पूर्वीपेक्षां बरें आहे” एवढें म्हणतो. परवां एकवीसावा दिवस होता. तो तयार होऊन दाराशीं उभा राहिला आणि मला म्हणाला, “काकू, आज दुखेल ना?” मीं सांगितलें, “हो, थोडें दुखेल. मी तुझ्याजवळ बसतें.” तो “बरें” म्हणाला, आणि चप्पल घालून पुढें निघाला.